वारा फिरतो, वाट मिटते

४ मार्च २०१० रोजी स्टॉकहोमच्या बाहेरच्या बेटांजवळ, बाल्टिक समुद्रात, सुमारे पन्नास जहाजं जागच्या जागी अडकून पडली. त्यात मालवाहू जहाजं होती, तशीच स्वीडन आणि फिनलंडच्या दरम्यान कायम ये-जा करणारी प्रवासी जहाजंही होती. ‘अमोरेला’ या एकाच प्रवासी जहाजावर हजाराच्या आसपास माणसं होती. यातलं कुणीही अनोळखी पाण्यात भरकटलं नव्हतं. हा त्यांचा नेहमीचा रस्ता होता आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ असतो हे कप्तानांना पुरतं ठाऊक होतं. त्या दिवशी वेगळा होता तो वारा. जोराच्या वाऱ्याने मोकळ्या समुद्रावरचा बर्फ ढकलत आणून स्वीडनच्या किनाऱ्याशी दाबला, आणि किनारा आणि वारा यांच्या मधे सापडलेली जहाजं त्या बर्फाने दोन्ही बाजूंनी आवळून धरली.

समुद्रातला बर्फ म्हटलं की बहुतेकांना टायटॅनिक आठवतं. १९१२ सालच्या एप्रिलमधली ती रात्र, ती धडक आणि पंधराशेच्या वर बळी. पण टायटॅनिकवर आदळला तो हिमनग होता, म्हणजे जमिनीवरच्या हिमनदीचा तुटून समुद्रात आलेला तुकडा. तो गोड्या पाण्याचा, हजारो वर्षं साचलेल्या हिमाचा. बाल्टिकमध्ये जहाजं अडवणारा बर्फ समुद्राच्याच पाण्यापासून, त्याच हिवाळ्यात तयार होतो. त्याची जात वेगळी आणि वागणूकही वेगळी. हिमनग जहाज फोडतो. समुद्री बर्फ सहसा जहाज धरून ठेवतो, आणि नंतर हवं तर सावकाश चिरडतो.

महासागराच्या पाण्यात दर हजार भागांत साधारण ३५ भाग मीठ असतं, म्हणून ते शून्याला गोठत नाही, उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. सुरुवातीला पाण्यात सुईसारखे बारीक स्फटिक तरंगू लागतात. पाणी दाट, तेलकट दिसू लागतं आणि लाटा मंदावतात. मग काठ उचललेल्या गोल चकत्या तयार होतात, त्या एकमेकींना चिकटतात आणि हळूहळू सलग थर तयार होतो. गोठताना बर्फ मीठ बाहेर टाकतो, पण सगळं नाही. काही खारं पाणी बारीक पोकळ्यांत अडकून राहतं. त्या पोकळ्यांमुळे पहिल्या हिवाळ्याचा बर्फ तुलनेने मऊ असतो. तोच बर्फ उन्हाळा काढून दुसऱ्या, तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत टिकला, तर मीठ झिरपून जातं आणि तो कमालीचा कठीण होतो. आर्क्टिकमध्ये काम केलेले खलाशी अशा जुन्या बर्फाला जितके जपून असतात, तितके नव्याला नसतात.

बाल्टिकची गंमत अशी, की हा समुद्र मुळातच निमखारा आहे. त्याच्या उत्तर टोकाच्या बोथनियाच्या उपसागरात मिठाचं प्रमाण हजारी तीन-चार भागांवर येतं. त्यामुळे तिथलं पाणी लवकर गोठतं आणि बर्फात मिठाच्या पोकळ्याही कमी असतात. उत्तरेकडच्या केमी, ओउलू या बंदरांपुढे वर्षातले पाच-सहा महिने बर्फ असतो.

हा बर्फ स्थिर असता तर प्रश्न बराच सोपा झाला असता. किनाऱ्याला घट्ट धरून बसलेला बर्फ खरोखरच स्थिर असतो, आणि त्यात एकदा वाट कापली की ती काही काळ टिकते. पण उघड्या समुद्रावरचा बर्फ वाऱ्यावर आणि प्रवाहावर सतत चालत असतो. वारा एका दिशेला वाहिला की बर्फाच्या लाद्या फाकतात, मधे मोकळं पाणी दिसतं, आणि वाट सुकर होते. तोच वारा फिरला की लाद्या एकमेकींवर चढतात आणि त्यांचे ढीग तयार होतात. या ढिगांचा वर दिसणारा भाग थोडका. खाली पाण्यात त्यांची मुळं कितीतरी खोल जातात. आर्क्टिकमध्ये वीस मीटरपेक्षा जास्त खोल गेलेली मुळं आढळली आहेत. सपाट बर्फ मीटरभर जाड असेल अशा ठिकाणी अशा ढिगाची भिंत आडवी आली, तर भक्कम जहाजालाही मागे जाऊन पुन्हा पुन्हा धडका द्याव्या लागतात.

दाबाचं हे बळ किती असतं, हे सगळ्यांत जास्त परिचित झालं ते ‘एन्ड्युरन्स’मुळे. अर्नेस्ट शॅकल्टन अंटार्क्टिका खंड ओलांडण्याच्या इराद्याने ५ डिसेंबर १९१४ रोजी दक्षिण जॉर्जिया बेटावरून निघाला. जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रात त्याचं जहाज बर्फात रुतलं, आणि पुढचे नऊ-दहा महिने ते त्या बर्फाबरोबर वाहत राहिलं. त्या काळात कुठली मोठी धडक बसली नाही. लाद्या सरकत होत्या, दाब वाढत होता, आणि लाकूड कण्हत होतं. २७ ऑक्टोबरला माणसांनी जहाज सोडलं. २१ नोव्हेंबरला ते बुडालं. सगळे २८ जण पुढे जिवंत परतले, ही साहसाच्या इतिहासातली मोठी कथा आहे. जहाजाचे अवशेष मार्च २०२२ मध्ये ३,००८ मीटर खोलीवर सापडले.

‘एन्ड्युरन्स’ हे त्या काळचं सर्वांत मजबूत ध्रुवीय जहाज होतं, असं अनेक वर्षं लिहिलं गेलं. ते अवशेष शोधणाऱ्या मोहिमेत फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातले बर्फ-अभियांत्रिकीचे प्राध्यापक युक्का तुहकुरीही होते. त्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या समजाला धक्का दिला. त्यांच्या मते जहाजाचा सांगाडा दाबाखाली टिकेल असा बांधलेलाच नव्हता. आतली लाकडं कमकुवत होती, आणि बाजूंना आतून आधार देणाऱ्या तिरप्या तुळया नव्हत्या. आणखी एक गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. शॅकल्टनला या तुळयांचं महत्त्व माहीत होतं. ‘डॉइचलँड’ या जर्मन मोहिमेच्या जहाजासाठी त्याने स्वतः त्या सुचवल्या होत्या. ते जहाज १९१२ मध्ये त्याच वेडेल समुद्रात आठ महिने बर्फात अडकलं आणि सुटून बाहेर आलं. पुढून बसणारी धडक सोसायची ताकद आणि बाजूंनी येणारा दाब सोसायची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समुद्री बर्फाबद्दल कुणाला एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगावी.

या दाबाशी भांडायचंच नाही, असा विचार नॉर्वेच्या फ्रिड्ट्यॉफ नान्सेनने वीस वर्षं आधी केला होता. ‘जॅनेट’ नावाचं अमेरिकी जहाज १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फाने चिरडलं, आणि त्यातल्या काही वस्तू तीन वर्षांनी थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडल्या. म्हणजे बर्फ सगळा आर्क्टिक ओलांडून वाहत जातो. मग आपणच मुद्दाम बर्फात अडकून त्याच्याबरोबर वाहत का जाऊ नये, असं नान्सेनला वाटलं. कॉलिन आर्चर या जहाजबांधणीकाराने त्याच्यासाठी ‘फ्राम’ बांधलं. त्याच्या बाजू गोलसर ठेवल्या होत्या. चिमटीत दाबलेली ओली फणसाची आठळी जशी निसटते, तसं बर्फाने आवळताच हे जहाज वर उचललं जाई. सुकाणू आणि पंखा वर ओढून घेण्याची सोयही होती. सप्टेंबर १८९३ मध्ये ‘फ्राम’ बर्फात शिरलं आणि ऑगस्ट १८९६ मध्ये स्पिट्सबर्गेनच्या बाजूने धडधाकट बाहेर पडलं. पुढे याच जहाजातून रोआल्ड आमुंडसेन दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेला. आज ते ऑस्लोच्या संग्रहालयात आहे.

गोल तळाची किंमत मात्र मोकळ्या समुद्रात मोजावी लागते. असं जहाज लाटांवर भयंकर डोलतं. बर्फात चांगलं ते लाटांत वाईट, आणि लाटांत चांगलं ते बर्फात वाईट, हा पेच जहाजबांधणीकारांना आजही सुटलेला नाही. दोन्ही टोकांमधला मार्ग ते प्रत्येक जहाजागणिक नव्याने शोधतात.

वाट कापण्यासाठी खास बांधलेल्या जहाजाला आइसब्रेकर म्हणतात. तो बर्फ कुऱ्हाडीसारखा चिरत जातो, असं अनेकांना वाटतं, तसं नाही. दाबून चिरडायला गेलं तर बर्फ फार चिवट असतो, पण वाकवला की लवकर मोडतो. म्हणून आइसब्रेकरची नाळ, म्हणजे पुढचा निमुळता भाग, उताराची असते. इंजिनाच्या जोरावर जहाज बर्फावर चढतं, आणि त्याच्या वजनाने खालचा बर्फ वाकून तुटतो. तुकडे बाजूला आणि तळाखाली सरकवले जातात. रशियाचे अॅडमिरल स्टेपान मकारोव यांच्या कल्पनेतून इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला बांधलेलं ‘येरमाक’ १८९८ मध्ये पाण्यात उतरलं, आणि जाड बर्फात शिरण्याचा आत्मविश्वास दर्यावर्दींना त्यातूनच आला. आज रशियाकडे अणुशक्तीवर चालणाऱ्या आइसब्रेकरांचा ताफा आहे. २०२० मध्ये सेवेत आलेला ‘आर्क्टिका’ १७३ मीटर लांब आहे आणि सुमारे तीन मीटर जाडीच्या बर्फातून जाऊ शकतो. याच नावाचा आधीचा आइसब्रेकर १९७७ मध्ये उत्तर ध्रुवावर पोहोचला होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून तिथवर गेलेलं ते पहिलं जहाज.

पण आकड्यांच्या या शर्यतीपेक्षा फिनलंडची रोजची व्यवस्था जास्त शिकवून जाते. या देशाचा जवळजवळ सगळा परदेशी व्यापार समुद्रमार्गे चालतो, आणि कडक हिवाळ्यात त्याच्या बहुतेक सगळ्या बंदरांपुढे बर्फ असतो. एकेकाळी डिसेंबर आला की बंदरं बंद होत. १८९० मध्ये ‘मुर्ताया’ हा पहिला फिनिश आइसब्रेकर हांको बंदरासाठी कामाला लागला, आणि १९७० च्या दशकापासून मुख्य बंदरं बारा महिने उघडी राहू लागली. कागद, लाकूड, पोलाद, रसायनं यांची ने-आण फेब्रुवारीतही थांबत नाही.

हे चालतं ते नियमांच्या जोरावर. फिनलंड आणि स्वीडनने मिळून जहाजांच्या बर्फश्रेणी ठरवल्या आहेत. सर्वांत वरच्या श्रेणीचं जहाज एक मीटर सपाट बर्फ गृहीत धरून बांधलेलं असतं. त्याखालच्या तीन श्रेणींसाठी तीच जाडी ०.८, ०.६ आणि ०.४ मीटर. इंजिनाची किमान ताकदही ठरलेली आहे: आइसब्रेकरने फोडून ठेवलेल्या, तुकड्यांनी भरलेल्या वाटेतून जहाज ताशी पाच सागरी मैलांच्या वेगाने पुढे गेलंच पाहिजे. हिवाळा वाढत जातो तसा प्रत्येक बंदरासाठी हुकूम निघतो, की अमुक श्रेणीच्या आणि अमुक वजनाच्या खालच्या जहाजाला आता मदत मिळणार नाही. आइसब्रेकर मोजके आणि जहाजं पुष्कळ, तेव्हा कुणाला थांबवायचं हे आधीच ठरलेलं असणं ही मोठी शिस्त आहे. उन्हाळ्याच्या हिशोबाने बांधलेलं स्वस्त जहाज घेऊन जानेवारीत ओउलूला निघालेल्या मालकाला ही शिस्त जाचक वाटेल, पण तिच्याविना अख्खा समुद्र तुंबून बसेल.

फोडलेली वाटही फार काळ भरवशाची नसते. एका जहाजाने मोडलेले तुकडे रात्रीत पुन्हा गोठतात, दुसरं जहाज ते पुन्हा मोडतं, आणि प्रत्येक खेपेला त्या वाटेतला थर जाड होत जातो. वारा दाबाचा असेल तर आइसब्रेकरच्या मागे वाट काही मिनिटांतच मिटते. मग मागच्या जहाजाला आइसब्रेकरच्या अगदी जवळ राहावं लागतं, आणि तिथे दुसरा धोका उभा राहतो. पुढचा आइसब्रेकर ढिगावर आदळून अचानक थांबला तर मागचं जहाज त्याच्यावर येऊन धडकू शकतं. म्हणून अनेक आइसब्रेकरांच्या मागच्या टोकाला खाच ठेवलेली असते. जहाजाची नाळ त्या खाचेत बसवून, दोराने घट्ट बांधून, दोन्ही जहाजं एकजीव करून ओढत नेतात. रात्री, हिमवादळात, हजारो टनांची दोन जहाजं अशी जोडायची म्हणजे दोन्हीकडच्या माणसांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास हवा.

जहाजाला बर्फाचा त्रास केवळ बाहेरून होतो असंही नाही. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचं पाणी तळाकडच्या तोंडांतून आत घेतात. बर्फाचा भुगा तिथे जाऊन बसला की पाणी बंद, आणि इंजिन तापून थांबतं. त्यासाठी बर्फात जाणाऱ्या जहाजांत गरम झालेलं पाणी पुन्हा त्या तोंडाशी फिरवण्याची सोय करतात. गोठत्या हवेत लाटांचे तुषार डेकवर, डोलकाठ्यांवर, दोरांवर बसून गोठतात, तो प्रकार आणखी जीवघेणा. वरच्या अंगाला वजन वाढलं की जहाज तोल गमावतं. २६ जानेवारी १९५५ रोजी ‘लोरेला’ आणि ‘रोडेरिगो’ ही ब्रिटिश मासेमारी जहाजं आइसलंडच्या उत्तरेला अशीच, अंगावर साचलेल्या बर्फाच्या ओझ्याने कलंडली. त्यांवरचे चाळीसच्या चाळीस खलाशी गेले.

कधीकधी तर बर्फ जहाजाला शिवतही नाही, तरी अनर्थ घडतो. मार्च १९८९ मध्ये ‘एक्सॉन व्हॅल्डेझ’ हा तेलवाहू टँकर अलास्कातून निघाला. कोलंबिया हिमनदीतून आलेले बर्फाचे तुकडे टाळण्यासाठी त्याने नेमलेली वाट सोडली. वेळेवर परत वळणं जमलं नाही, आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीनंतर तो ब्लाय खडकावर चढला. सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात गेलं.

आता उत्तरेकडच्या बदलाकडे वळू या. आर्क्टिकमधला समुद्री बर्फ सप्टेंबरमध्ये वर्षातल्या सर्वांत कमी पातळीवर येतो. १९८० च्या सुमारास तो सत्तर लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास असे. २०१२ मध्ये तो ३४ लाखांपर्यंत घसरला, आणि तो नीचांक अजून मोडलेला नाही. त्यामुळे रशियाच्या उत्तर किनाऱ्यालगतची वाट व्यापाराला खुणावते आहे. योकोहामाहून रॉटरडॅमला सुएझमार्गे साधारण २०,००० किलोमीटर पडतात. उत्तरेकडून गेलं तर साधारण दोन-तृतीयांश. ‘क्रिस्तोफ द मार्जेरी’ हे द्रवरूप वायू वाहणारं २९९ मीटर लांबीचं जहाज २०१७ च्या उन्हाळ्यात या वाटेने आइसब्रेकरच्या सोबतीशिवाय नॉर्वेहून दक्षिण कोरियाला १९ दिवसांत पोहोचलं. बर्फ की लाटा या जुन्या पेचावर त्याच्या बांधणीकारांनी काढलेला तोडगा असा, की मोकळ्या पाण्यात ते नाळ पुढे करून जातं आणि जड बर्फ लागला की वळून मागच्या टोकाने बर्फात शिरतं.

बर्फ कमी झाला म्हणजे वाट सोपी झाली, हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. पातळ बर्फ वाऱ्यावर जास्त वेगाने पळतो आणि तितक्याच वेगाने दाटतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सायबेरियाच्या पूर्वेकडच्या समुद्रात बर्फ अपेक्षेपेक्षा लवकर धरला, आणि वीसच्या आसपास जहाजं तिथे अडकली. आधीच्या काही वर्षांत शरदातही पाणी मोकळं मिळालं होतं. त्या सवयीवर विसंबून निघालेल्यांना आइसब्रेकर येईपर्यंत आठवडेच्या आठवडे थांबावं लागलं. कॅनडाच्या बाजूची कथा याहून विलक्षण आहे. तिथल्या वायव्य मार्गावर २००७ ते २०२१ या काळात काही भागांत जहाजं जाण्याजोगे दिवस वाढण्याऐवजी घटले, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. कारण असं, की बेटांमधल्या सामुद्रधुन्या अडवून ठेवणारा कोवळा बर्फ वितळला, आणि उत्तरेकडचा जुना, कठीण बर्फ खाली वाहत येऊन नेमक्या अरुंद जागी अडकला.

धोके वाढले तसे नियमही आले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची ध्रुवीय संहिता १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे, आणि अशा पाण्यात जाणाऱ्या कप्तान व अधिकाऱ्यांना वेगळं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. जगभरच्या जहाजांवर काम करणाऱ्या भारतीय अधिकाऱ्यांनाही ही अट चुकत नाही, आणि त्यांत मराठी माणसं थोडीथोडकी नाहीत.

भारताचा या बर्फाशी थेट संबंध सुरू झाला तो गोव्यातून. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सैयद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली अंटार्क्टिका मोहीम मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेजियन जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला तिने बर्फावर पाऊल ठेवलं. आजही या मोहिमांचं सगळं नियोजन वास्को-द-गामाच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होतं. अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती या दोन केंद्रांना वर्षभराचं इंधन, धान्य, यंत्रांचे सुटे भाग पोहोचवायला दक्षिणेचा उन्हाळा तेवढा मिळतो, आणि त्यासाठी दरवर्षी बर्फश्रेणीचं परदेशी जहाज भाड्याने घ्यावं लागतं. अलीकडे हे काम बऱ्याचदा रशियाचं ‘वासिली गोलोव्निन’ करतं. किनाऱ्याला धरून बसलेला बर्फ फोडता आला नाही, तर जहाज दूरच थांबतं आणि सामान हेलिकॉप्टरने उचलून न्यावं लागतं. भारताचं स्वतःचं ध्रुवीय संशोधन जहाज बांधण्यासाठी कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सने जून २०२५ मध्ये नॉर्वेच्या कॉंग्सबर्गशी सामंजस्य करार केला. आर्चरपुढे ‘फ्राम’ बांधताना जो पेच होता, तोच या जहाजाच्या रचनाकारांपुढेही असेल. मुरगावहून निघालेल्या जहाजाला आधी दक्षिणेच्या खवळलेल्या समुद्रातून हजारो किलोमीटर काढायचे आहेत, आणि बर्फ लागणार आहे तो त्यानंतर.